कडू दाणे, दोन किनारे

श्रावण जवळ आला की वसई, नालासोपारा, विरारच्या बाजारांत भाजीवाल्या बायकांपुढे पिवळट-हिरव्या दाण्यांचे वाटे दिसू लागतात. या सोललेल्या डाळिंब्या, म्हणजे रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले आणि एकेक करून सोललेले कडवे वाल. घेणारी बाई आधी दोन दाणे बोटांत धरून बघते. दाणा चिकट झालेला नाही ना, वास आंबूस नाही ना, मोड जागेवर आहे ना, याची खात्री झाली की मग भावाचे बोलणे. वाटा महाग वाटतो खरा, पण त्यामागे विकणारीचे दोन दिवस आणि बोटांचे काही तास गेलेले असतात.

याच सुमारास लंडन किंवा पर्थमधल्या एखाद्या दुकानात ‘ल्युपिन’ नावाच्या दाण्याचे पीठ आणि पोहे आकर्षक पुड्यांतून विकले जात असतात. भरपूर प्रथिने, भरपूर तंतू, स्टार्च जवळपास नाहीच, अशी त्याची ख्याती. मराठी घरांतही आता मधुमेह, वजन, ग्लुटेन यांच्या चर्चेत हे नाव कानावर येऊ लागले आहे. ल्युपिन आणि कडवे वाल ही दोन्ही शेंगावर्गातली पिके; दोन्ही कच्ची खाण्याजोगी नाहीत; आणि दोन्हींचा कडूपणा पाण्याने, वेळेने आणि हातांनी काढावा लागतो. ल्युपिनचे गुण नीट समजून घेतले की वालाकडेही नव्याने बघावेसे वाटते.

पालघर जिल्ह्यात ल्युपिन हे नाव अनेकांना ठाऊक आहे ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यामुळे. देशबंधू गुप्ता यांनी १९६८ साली ही औषध कंपनी सुरू केली तेव्हा तिला या झाडाचे नाव दिले. कारण हे झाड ज्या जमिनीत वाढते त्या जमिनीला पोसते. त्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, त्यामुळे रेताड, निकस जमिनीतही ते तग धरते आणि पुढच्या पिकासाठी जमीन बरी करून जाते. निळ्या, पांढऱ्या, जांभळ्या तुऱ्यांचे हे झाड भारतात बागेतल्या फुलझाडांत दिसते. युनानी वैद्यकात त्याचे बी ‘तुर्मुस’ म्हणून वापरतात. पण आपल्याकडे ते शेतातले अन्न कधी झाले नाही.

भूमध्य समुद्राच्या काठी मात्र हा दाणा हजारो वर्षांचा सोबती आहे. इजिप्तमध्ये वसंतातल्या शम्म-अल-नसीमच्या सणाला लोक नदीकाठी बसून खारवलेला तुर्मुस खातात. पोर्तुगालमध्ये तो ‘त्रेमोसु’. बिअरच्या ग्लासाशेजारी छोट्या बशीत तो ठेवलेला असतो, दातांनी साल सैल करायची आणि आतला पिवळा दाणा तोंडात घ्यायचा. वसईशी पोर्तुगालचा संबंध दोनशे वर्षांचा. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मिरची, पपई, पेरू, अननस, काजू ही मंडळी पोर्तुगीज जहाजांच्या वाटेने या किनाऱ्यावर आली आणि आपलीच होऊन गेली. त्रेमोसुला इथे जमीन मिळाली नाही. भात कापल्यावर मोकळ्या होणाऱ्या शेतांवर वालाचा ताबा आधीपासूनच होता.

आधी ल्युपिनचे गुण. शंभर ग्रॅम कोरड्या दाण्यात सुमारे ३६ ग्रॅम प्रथिने असतात. हरभरा, तूर, मूग यांत ती साधारण २० ते २४ ग्रॅमच्या घरात असतात. ल्युपिनची बरोबरी सोयाबीनशीच होते. चरबी १० ग्रॅमच्या आसपास, तीही बहुतांशी असंतृप्त. तंतू मुबलक आणि स्टार्च नगण्य, म्हणून गव्हाच्या पिठात ल्युपिनचे पीठ मिसळले की त्या पावाने रक्तातली साखर तितक्या वेगाने चढत नाही आणि पोट जास्त वेळ भरलेले राहते. ऑस्ट्रेलियात अशा पावावर माणसांमध्ये चाचण्या झाल्या आहेत. भूक लवकर भागणे हा त्यांतला ठळक परिणाम. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांवरचा फायदा काही चाचण्यांत दिसला, पण तो माफक होता. या दाण्याने मधुमेह बरा होतो असे कोणी सांगत असेल तर त्याला आधार नाही.

आता त्याचा कडूपणा. जुन्या जातींच्या ल्युपिनमध्ये ल्युपॅनिन, स्पार्टीन यांसारखी अल्कलॉइड द्रव्ये असतात. झाड ती किड्यांपासून बचावासाठी बनवते. माणसाच्या पोटात ती पुरेशी गेली तर तोंड कोरडे पडते, नजर धूसर होते, बाहुल्या विस्फारतात, छाती धडधडते, लघवी अडते. नीट न भिजवलेला ल्युपिन खाऊन लोक रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणून पोर्तुगाल-इजिप्तमध्ये दाणे आधी भिजवतात, मग उकळतात आणि नंतर कित्येक दिवस पुन्हा पुन्हा पाणी बदलत ठेवतात, चाखून कडवटपणा गेल्याची खात्री होईपर्यंत. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोरच्या डोंगरांत ‘तार्वी’ किंवा ‘चोचो’ नावाचा याच कुळातला दाणा पोत्यात भरून वाहत्या ओढ्यात बुडवून ठेवतात. अल्कलॉइड पाण्यात विरघळतात, हे रसायनशास्त्र तिथल्या बायकांना कुठलेही पुस्तक येण्याआधीच ठाऊक होते.

एकोणीसशे वीसच्या दशकाच्या अखेरीस जर्मन शास्त्रज्ञ राइनहोल्ड फॉन झेंगबुश यांनी हजारो झाडे तपासून कमी अल्कलॉइडची मोजकी झाडे शोधून काढली. त्यातून ‘गोड’ ल्युपिनच्या जाती आल्या. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियात जॉन ग्लॅडस्टोन्स यांनी १९६० च्या दशकात त्यांना तिथल्या रेताड जमिनीत रुजवले आणि आज जगातला मोठा वाटा त्याच भागात पिकतो. दुकानातले पीठ या गोड जातींचे असते, ते दिवसेंदिवस भिजवावे लागत नाही. एक धोका मात्र गोड जातीतही उरतो. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे अशांपैकी काहींना ल्युपिनचीही येते आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून युरोपीय संघात आणि ऑस्ट्रेलियात पाकिटावर ल्युपिनचा उल्लेख सक्तीचा आहे. परदेशी नातेवाइकांनी पाठवलेला पाव, बिस्किटे किंवा पास्ता शेंगदाणा न चालणाऱ्या मुलाला देण्याआधी ही ओळ वाचायलाच हवी.

आता वालाकडे वळू. वसई तालुक्याचे दोन चेहरे आहेत. रुळांच्या पश्चिमेला विहिरी, बावखले, केळीच्या आणि फुलांच्या वाड्या. पूर्वेला तुंगारेश्वरच्या पायथ्यापासून तानसा नदीपर्यंत पसरलेली भातशेती. पश्चिमेच्या वाड्यांत वालपापडीचे मांडव असत, अजूनही काही ठिकाणी आहेत. कोवळ्या शेंगा शिरा काढून भाजीत जातात. थंडीत वाडवळ घरांत उकडहंडी शिजते तेव्हा कंद, रताळी, वांग्यांबरोबर वालाच्या शेंगा हव्यातच. सुकवायचा कडवा वाल मात्र भातखाचरांतला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात कापला की जमिनीत जी ओल शिल्लक असते तिच्यावरच हे बी टाकतात. पाटाचे पाणी नाही, पंप नाही. हिवाळ्यातले दव आणि खोलवर गेलेली मुळे एवढ्यावर रोप वाढते. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंगा वाळतात. उन्हे चढली की वाळलेली शेंग हाताळताना तडकते आणि दाणे मातीत जातात, म्हणून झाडे सकाळच्या गारव्यातच उपटायची, खळ्यावर पसरायची आणि वाळल्यावर झोडपायची. दाणा तपकिरी-लालसर, बारीक, टणक आणि काठावर पांढऱ्या रेघेचा.

जमिनीचा हिशेब इथेही ल्युपिनसारखाच. वालाच्या मुळांवर नायट्रोजन धरणाऱ्या गाठी असतात, त्यामुळे पुढच्या भाताला खत थोडे कमी लागते आणि उन्हाळ्याआधी जमीन झाकलेली राहते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने याच पद्धतीसाठी ‘कोकण वाल’ या कमी दिवसांच्या जाती काढल्या आहेत. पाणी न देता, भाताच्याच खाचरात, घरापुरते वर्षभराचे कडधान्य मिळते, हा लहान शेतकऱ्याचा मोठा आधार.

वनस्पतीशास्त्रात वाल म्हणजे ‘लॅबलॅब पर्प्युरियस’. त्याचे रानटी भाईबंद आफ्रिकेत सापडतात आणि दक्षिण भारतातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननांत त्याचे जळके दाणे मिळाले आहेत. म्हणजे साडेतीन हजार वर्षांच्या आसपास तो या देशात खाल्ला जातो आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तो ‘निष्पाव’ या नावाने येतो. कर्नाटकात त्याला ‘अवरे’ म्हणतात, आणि बेंगळुरूत हिवाळ्यात ताज्या अवऱ्याचा खास मेळा भरतो. तिथे डोसा, उपमा, लाडू, सगळ्यांत अवरे. आपल्याकडे एवढा मान त्याला फक्त पोपटीच्या, म्हणजे मडक्यात शेंगा भाजण्याच्या, रात्री रायगडात आणि श्रावणी सोमवारी सीकेपी घरांत मिळतो. तिथे उपास सोडताना पानात बिरडे, म्हणजे डाळिंब्यांची उसळ, नसेल तर सोमवार अपुरा वाटतो.

पोषणाचे आकडे पाहिले तर वाल ल्युपिनच्या मागे आहे, पण लाजण्याजोगा अजिबात नाही. शंभर ग्रॅम कोरड्या वालात २० ते २५ ग्रॅम प्रथिने, सालीसकट २० ग्रॅमहून अधिक तंतू, लोह ५ मिलिग्रॅमच्या आसपास, शिवाय मॅग्नेशियम, पोटॅशियम, जस्त आणि ब१ जीवनसत्त्व चांगल्या प्रमाणात. चरबी २ ग्रॅमच्याही आत. हे कोरड्या दाण्याचे आकडे आहेत, हे विसरता कामा नये. शिजल्यावर दाणा पाणी पिऊन फुगतो आणि शंभर ग्रॅम शिजलेल्या वालात प्रथिने ८ ग्रॅमच्या जवळपास उरतात. ल्युपिनचेही तसेच, त्याचे ३६ शिजल्यावर १५-१६ होतात. जाहिरातींत कोरड्याचा आकडा छापतात आणि ताटात शिजलेला येतो, हा फरक गृहिणीने आणि आहारतज्ज्ञाने दोघांनीही धरूनच चालावे.

ताटाचा विचार केला तर वालाची बाजू आणखी भक्कम होते. भाताच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, वालात ते भरपूर. वालात मेथिओनिन कमी, भातात ते बऱ्यापैकी. दोन्ही एका जेवणात आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. पालघर जिल्ह्यातल्या वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तांदळात डाळिंब्या घालून केलेली वालाची खिचडी हे शास्त्राच्या कसोटीवरही पुरे जेवण आहे. आणि त्याची गरजही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. एकट्या वालाने हा प्रश्न सुटणार नाही, लोहाच्या गोळ्यांना तो पर्याय नाही. पण रोजच्या ताटातल्या लोहाचा तो एक खात्रीचा, परवडणारा स्रोत आहे.

हे लोह शरीराला लागू व्हायचे तर वाल कसा केला हे महत्त्वाचे ठरते, आणि इथेच जुन्या पद्धतीतले शहाणपण दिसते. कोरड्या दाण्यात फायटिक आम्ल असते, ते लोह आणि जस्त धरून बसते. टॅनिन मुख्यतः सालीत असतात, तेही लोहाला अडवतात आणि तोंडाला तुरटपणा आणतात. सॅपोनिन कडवटपणा देतात आणि पाण्यावर फेस आणतात. प्रथिनांचे पचन रोखणारी ट्रिप्सिन-विरोधी द्रव्ये असतात. काही जातींच्या पक्व दाण्यात सायनाइड सोडणारी संयुगेही आढळतात, म्हणून सुका वाल कच्चा किंवा अर्धाकच्चा कधीही खायचा नाही.

आता स्वयंपाकघरात काय होते ते पायरीपायरीने पाहू. वाल निवडून कोमट पाण्यात दहा-बारा तास भिजवतात. कडू द्रव्यांचा आणि पोटात वायू करणाऱ्या शर्करांचा काही भाग पाण्यात उतरतो. ते पाणी पिवळसर, फेसाळ दिसते आणि फेकून द्यायचेच असते. मग दाणे ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवतात. पावसाळ्यात गार पडले तर पुरचुंडी तांदळाच्या डब्यात किंवा बंद ओव्हनमध्ये जाते. दाण्यातले जीवन जागे होते, फायटेज हे विकर कामाला लागते आणि फायटिक आम्ल तुटते. वायू करणाऱ्या शर्करा मोड वाढवायला खर्ची पडतात. कोरड्या दाण्यात जवळपास नसलेले क जीवनसत्त्व मोडाबरोबर थोडे का होईना तयार होते. मोड अर्धा-पाऊण इंच झाला की दाणे पुन्हा कोमट पाण्यात टाकतात. साल फुगून सैल होते. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाणा धरून मोडाच्या उलट्या बाजूने हलका दाब दिला की डाळिंबी अख्खी निसटून ताटात पडते आणि साल बोटांत राहते. जोर जास्त झाला तर दाणा दुभंगतो आणि उसळीत त्याचे पीठ होते. सालीबरोबर बहुतेक टॅनिन निघून जातात. शेवटी उकळीने ट्रिप्सिन-विरोधी द्रव्ये निकामी होतात.

सालीबरोबर तंतूंचाही मोठा भाग जातो, ही या पद्धतीची किंमत. बद्धकोष्ठाचा किंवा साखरेचा त्रास असलेल्यांनी कधीतरी मोड आलेले वाल सालीसकट, भरपूर शिजवून खावेत. चव थोडी तुरट लागेल, पण तंतू पोटात जातील. पोट नाजूक असेल, घरात लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर सोललेलीच बरी. उसळीत ओवा, हिंग, आमसूल, गूळ आणि ओले खोबरे पडते. ओवा-हिंगाने पोट हलके राहते असा पिढ्यांचा अनुभव आहे. आमसुलाची आंबट द्रव्ये लोह शोषायला मदत करतात आणि वर लिंबू पिळले तर क जीवनसत्त्वामुळे ही मदत वाढते. त्या जेवणावर लगेच चहा घेतला की चहातले टॅनिन मिळवलेले लोह पुन्हा अडवतात. तासाभराने घेतला तर चालते.

वाल सगळ्यांना चालतो असे नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी त्यातले पोटॅशियम आणि प्रथिने लक्षात घेऊन डॉक्टरांना विचारूनच खावा. संधिवाताचा गाउट प्रकार असलेल्यांनाही हेच लागू. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना बाकला हा दुसराच दाणा वर्ज्य असतो. बाकला मोठा, चपटा, उत्तर भारतात आणि अरब देशांत खाल्ला जाणारा. इंग्रजीत दोन्हींना ‘बीन’ म्हटल्याने घोटाळा होतो, म्हणून अशा घरांनी पाकिटावरचे शास्त्रीय नाव बघून घ्यावे.

हा वाल पिकतो ती जमीन मात्र आकसत चालली आहे. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती आणि त्यानंतर ती वाढतच राहिली आहे. जिथे भात आणि त्यामागून वाल यायचा, अशी कितीतरी खाचरे आज नालासोपारा आणि विरार पूर्वेच्या इमारतींखाली आहेत. जी शिल्लक आहेत तिथे भातानंतर जमीन पडून राहते, कारण मजूर मिळत नाही, मोकाट गुरे सुटतात, आणि दोन-चार मणांच्या पिकासाठी राखण परवडत नाही. घरातही तेच. सकाळी सहाच्या विरार लोकलने चर्चगेटला जाणाऱ्या बाईने रात्री घरी येऊन वाल सोलत बसावे ही अपेक्षा चुकीची आहे. हे काम पिढ्यानपिढ्या फक्त बायकांच्या बोटांवर ढकलले गेले, म्हणूनच ते आधी सुटले. रविवारी दुपारी घरातल्या सगळ्यांनी, पुरुषांनी आणि मुलांनीही, ताटाभोवती बसून सोलले तर अर्धा किलो वाल गप्पांच्या ओघात होतात. सोललेल्या डाळिंब्या पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवल्या तर काही आठवडे चांगल्या राहतात. मोडांच्या वाढीला थंडी अटकाव करते, चव फारशी बदलत नाही.

विकत घेताना एक पारख उपयोगी पडते. सुका वाल मुठीत घेऊन हलवला तर खडखड वाजला पाहिजे. ओलसर दाण्याला आत भुंगा लवकर लागतो. दाण्यावर बारीक गोल भोक असेल तर तो घेऊ नये, त्याला मोड येत नाही. पांढरे मोठे ‘गोडे’ वाल गुजरातेतून भरपूर येतात, ते शिजायला सोपे आणि चवीला सौम्य. बिरड्याला मात्र गावठी बारीक कडवाच लागतो, आणि तो फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतकऱ्याकडून थेट घेतला तर ताजा मिळतो. दोन उन्हे देऊन, चुलीची राख चोळून किंवा थोडे एरंडेल लावून बरणीत भरून ठेवला की श्रावणापर्यंत सहज टिकतो. चार माणसांच्या उसळीला सुका वाल दीड वाटी पुरतो. सोमवारी संध्याकाळी बिरडे हवे असेल तर तो शनिवारी रात्रीच भिजत घालावा लागतो.